पवनचक्की, ठराव आणि कागद: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल पट्ट्यात पवनचक्क्या आता जुन्या झाल्या, तिथल्या पोरांना त्यांचं कौतुकही राहिलं नाही. पण नवीन गावात कंपनीचा माणूस गाडी घेऊन आला, मोजणीचे खुंटे ठोकले गेले की तेच प्रश्न परत सुरू होतात. पवनचक्की चांगली का वाईट यावर इथं काही लिहिलेलं नाही, एकेका घरात त्यावर दोन मतं आहेत आणि असू द्या. इथं फक्त कागदाचं आहे: कोणता कागद कोणाकडे राहतो, कसा मागायचा, आणि नाही म्हटलं तर पुढे काय. ज्या उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय तिथं तो पण वाचा, तीच गोष्ट परत लिहिलेली नाही.

१. ग्रामपंचायतीने ठराव दिला म्हणजे पूर्ण गावाने परवानगी दिली असं होतं का?

नाही. निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. मासिक सभा म्हणजे सरपंच आणि सदस्य, ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस आणि बाई. दोघांची प्रोसिडिंग (इतिवृत्ताची बुकं) वेगळी राहतात. कंपनीच्या फाइलीत जो ना हरकत दाखला लागलेला आहे त्यावर ठराव नंबर आणि तारीख असते, ती तारीख कोणत्या बुकात निघते ते पहिले बघा. मासिक सभेचा ठराव म्हणजे आपोआप खोटा असं नाही, पंचायतीला तिचे अधिकार आहेत, पण सात-नऊ सदस्यांनी घेतलेला निर्णय "गावाने दिला" म्हणून वरच्या ऑफिसात जात असेल तर ती चक्क दिशाभूल आहे, आणि ती फक्त दोन्ही बुकं शेजारी ठेवल्यावरच पकडता येते.

२. ग्रामसभा झाली म्हणतात, आम्हाला तर पत्ताच नव्हता. ती खरी धरायची का?

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ आहेत. नेहमीच्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. म्हणजे १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के होतात १८०, पण १०० पुरतात, आणि ४०० मतदारांच्या गावात ६० लागतात.

आता खरी गोम अशी की कोरम नाही म्हणून तहकूब झालेली सभा परत भरली तर तिला कोरमची अट नाही. मग पहिली सभा नुसती कागदावर तहकूब दाखवायची आणि दुसऱ्या सभेत वीस लोकांत विषय उरकायचा असं होऊ शकतं. म्हणून नुसता ठराव मागू नका. नोटीस, अजेंडा, दवंडी दिल्याची नोंद, हजेरीचं रजिस्टर आणि तहकुबीची नोंद, सगळं मागा. हजेरीतल्या सह्या एकेक करून वाचा, त्या दिवशी जो माणूस सुरतला कामाला होता किंवा ऊसतोडीला गेलेला होता त्याची सही तिथं असेल तर तुमचं अर्ध काम झालं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा पण घ्यायची असते, तिचं इतिवृत्त कोणी मागतच नाही, आणि तिथंच पान कोरं निघायची शक्यता जास्त.

३. प्रोसिडिंग बघायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावाच लागतो का?

दर वेळी नाही. पहिले सरळ जाऊन मागा, काही ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) लगेच दाखवतात, उगाच पहिल्या दिवशीच भांडण नको. नाही दाखवलं तर राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे, जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं. त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, पुष्कळ ठिकाणी तो निर्णयच माहीत नसतो.

आणि हे पण सांगा की माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ म्हणतं, लोकांवर परिणाम होणारे निर्णय ऑफिसने स्वतःहून जाहीर करायचे, कोणी मागायची वाट बघायची नाही. असा ठराव पंचायतीच्या फलकावर यायलाच पाहिजे होता. इतकं करून पण हात हलवत परत पाठवलं तर प्रश्न ४.

४. अर्ज कसा लिहायचा? वकील लागतो का?

वकील नाही लागत. साधा कागद, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर तेही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पंचायत, तहसील, वन विभाग सगळं एकाच अर्जात कोंबू नका. झेरॉक्स पानाला २ रुपये. माहिती कशाला पाहिजे हे सांगायची गरज नाही, कोणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा. उत्तराची मुदत ३० दिवस.

लोक चुकतात ते भाषेत. "पवनचक्कीला परवानगी का दिली?" असं विचारलं की उत्तर येतं, असा खुलासा माहितीच्या व्याख्येत बसत नाही. का, कसं, कोणाच्या सांगण्यावरून हे सोडा, कागद मागा. असं लिहा: "अमुक तारखेपासून आजपर्यंत अमुक कंपनीच्या पवनऊर्जा प्रकल्पासंबंधी झालेल्या ग्रामसभा व मासिक सभांची इतिवृत्ते, हजेरी नोंदवही, दिलेले ना हरकत दाखले आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती." आणि वेगळ्या अर्जात त्याच काळातलं आवक-जावक रजिस्टर. हे रजिस्टर म्हणजे सोनं आहे, कारण "असं पत्रच आलं नाही" म्हणणाऱ्याची आवक नोंदीत तारखेसकट सापडते.

५. कोणता कागद कोणत्या ऑफिसात? आम्ही तहसीलला गेलो तर म्हणे पंचायतीत जा, पंचायतीत गेलो तर म्हणे कंपनीला विचारा.

कारण पवनचक्कीची एकच अशी फाइल नसते, तुकडे तुकडे पसरलेले राहतात. ठराव, दाखला, घरपट्टीसारखी आकारणी (नमुना ८) आणि मागणी-वसुली (नमुना ९) ग्रामपंचायतीत. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. जमीन एनए (बिगरशेती) झाली का, ते तहसील नाहीतर प्रांत ऑफिसात, आणि तिथंच मुरमाचा परवाना पण बघा, क्रेन नेण्यासाठी जे रुंद रस्ते करतात त्यासाठी मुरूम कुठून खोदला आणि रॉयल्टी भरली का हे गौण खनिजाच्या फाइलीत राहतं, ते कोणी विचारत नाही. भाडेकरार, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. प्रकल्पाची नोंदणी आणि मशीन कुठं कुठं बसणार तो नकाशा महाऊर्जाकडे (राज्य सरकारची अपारंपरिक ऊर्जेची संस्था), त्यांचं मुख्य ऑफिस पुण्याला. वीज ग्रिडला जोडायची परवानगी महापारेषण किंवा महावितरण. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर तिचा बांधकाम विभाग, नाहीतर सार्वजनिक बांधकाम.

चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तरी घाबरू नका, कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसात योग्य ऑफिसला पाठवायचा आहे. "तिकडे जा" हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका, अर्ज द्या, पोच घ्या.

६. कंपनी खासगी आहे, तिची माहिती मागता येते का?

कंपनीला थेट नाही. पण कंपनीने सरकारी ऑफिसात जे दिलं ते त्या ऑफिसचं रेकॉर्ड झालं, ते मागता येतं. शिवाय जी माहिती एखादं ऑफिस दुसऱ्या कायद्याखाली कंपनीकडून घेऊ शकतं ती पण "माहिती" च्या व्याख्येत येते, कलम २(च).

७. "ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर आलं. संपलं का?

नाही संपलं. त्रयस्थ पक्ष म्हणजे आपोआप नकार असं कायद्यात कुठंच नाही. कलम ११ सांगतं की अधिकाऱ्याने पाच दिवसात कंपनीला नोटीस द्यायची, कंपनीला दहा दिवस म्हणणं मांडायला, आणि निर्णय ४० दिवसात अधिकाऱ्याने स्वतः घ्यायचा. कंपनी नको म्हणाली म्हणून अधिकारी पण नको म्हणाला, हे चालत नाही. व्यापारी गुपित (कलम ८(१)(घ)) म्हणत असतील तर ते खरंच गुपित आहे का, ग्रामसभेचा ठराव किंवा एनएचा आदेश कोणाचं व्यापारी गुपित कसं होईल? आणि एखाद्या पानात खरंच असं काही असेल तर तेवढं झाकून बाकीचं द्यायचं, कलम १०.

शेतकऱ्यांची नावं, रकमा याबाबत आता थोडं अवघड झालंय. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने बदललं, आधी त्याच कलमात सार्वजनिक हिताचा अपवाद होता तो निघाला. पण कलम ८(२) जागेवर आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, अपिलात ते कलम नाव घेऊन लिहा. आणि जमिनीच्या व्यवहारासाठी तर दुसरा सोपा रस्ता आहे, पुढचा प्रश्न बघा.

८. शेजारच्याने जमीन कितीला दिली हे कळू शकतं का? आम्हाला कमी सांगितलंय असं वाटतं.

कळू शकतं, आणि त्यात चोरी काही नाही. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या नोंदलेल्या दस्ताची (पुस्तक क्रमांक १) प्रत फी भरून कोणीही घेऊ शकतो. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च मध्ये गाव आणि गट नंबर टाकला की सूची २ (दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) निघते, साइट चालू असेल तर. शेजारी रागवेल ही गोष्ट वेगळी, ते तुम्ही बघून घ्या.

"आमचा करार नोटरीवर झालाय" म्हणणारे पुष्कळ निघतात. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. पंचवीस-तीस वर्षांचा करार नुसत्या नोटरीवर करून घेतला असेल तर तो कागद वकिलाला दाखवा, आजच दाखवा.

९. पवनचक्कीची जनसुनावणी कधी आहे?

होणारच नाही. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पच नाही, त्यामुळे पर्यावरण मंजुरी नाही आणि जनसुनावणी पण नाही. प्रदूषण मंडळाच्या २०१६ च्या वर्गवारीत पण ती पांढऱ्या गटात, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणवाली. धूर नाही हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्याचा परिणाम असा झालाय की कारखाना आला तर गावाला बोलायला एक सरकारी मांडव मिळतो, इथं तो मिळत नाही, आणि उरते फक्त ग्रामसभा. म्हणून प्रश्न १ आणि २ इतके लांब लिहिलेत. वनजमीन लागत असेल तर जास्तीची प्रक्रिया आहे, ती १२ मध्ये.

१०. घरापासून किती लांब पाहिजे?

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची ऑक्टोबर २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आवाजाच्या कारणाने राहत्या घरापासून ५०० मीटर. रस्ता, रेल्वे, इमारती, उच्चदाबाच्या लाइनी यांच्यापासून: हबची (पाती जिथं जोडलेली असतात तो मधला भाग) उंची अधिक रोटरच्या (पात्यांच्या पूर्ण चक्राच्या) व्यासाचा अर्धा अधिक ५ मीटर. समजा हब १२० मीटरवर आणि रोटर १४० मीटरचा, तर १२० + ७० + ५ म्हणजे १९५ मीटर. जागेचे अक्षांश-रेखांश महाऊर्जाकडून मागा, मोबाइलच्या नकाशावर टाका आणि मळ्यातलं घर किती लांब येतं ते स्वतः मोजा. मळ्यातलं घर पंचायतीच्या नमुना ८ ला लागलेलं आहे का ते पण बघून घ्या, कारण कागदावर नसलेलं घर कंपनीच्या नकाशावर पण नसतं.

११. आमचा पाडा पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) मध्ये येतो. आमच्यासाठी वेगळं काय?

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण, आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यातला काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. गावाचं नाव यादीत आहे का ते पंचायत समितीत बघा, अंदाजाने बोलू नका, साक्रीत एक गाव आत आणि शेजारचं बाहेर असं आहे.

१९९६ चा पेसा कायदा म्हणतो की अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय पाहिजे. महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, त्यात पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा जाहीर करून घेता येते. पण गंमत बघा, कंपनी सहसा भूसंपादन करतच नाही, ती एकेका शेतकऱ्याकडून भाड्याने नाहीतर विकत घेते, मग "आम्हाला ते लागू नाही" म्हणते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली ८० टक्के संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हे पण त्याच कारणाने बाजूला पडतं.

तिथं कामाला येतं महसूल संहितेचं कलम ३६अ. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला (कंपनी त्यातच आली) द्यायची तर पाच वर्षांपर्यंतच्या भाड्याला किंवा गहाणाला कलेक्टरची आधी मंजुरी, आणि त्याच्या वरच्या मुदतीला किंवा विक्रीला कलेक्टरची मंजुरी राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. हे गाव पेसात नसलं तरी लागू. तेव्हा एकच कागद मागा: गट नंबर अमुक बाबत कलम ३६अ खालचा मंजुरी आदेश. "आढळून येत नाही" असं लेखी उत्तर आलं तर ते उत्तर जपून ठेवा.

१२. वनपट्टा मिळालाय, त्या जमिनीवर कंपनी भाडं द्यायला तयार आहे. घेऊ का?

वनहक्क कायद्याचा पट्टा वारसाने जातो, पण विकता येत नाही की हस्तांतर करता येत नाही, कलम ४(४). म्हणजे तुम्ही सही केली तरी तो करार उभा राहणं अवघड, आणि उद्या अडचणीत तुम्ही येणार, कंपनी नाही.

वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायचा प्रस्ताव केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतो, अर्ज न करता. त्यात ग्रामसभेचा ठराव जोडला असेल तर तपासा, वनहक्क नियमांत ग्रामसभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा आहे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला पाहिजेत. प्रश्न २ मधला १०० वाला हिशोब इथं लावू नका, दोन्ही वेगळे आहेत.

१३. पवनचक्की दुसऱ्याच्या शेतात, पण तारा आमच्या कपाशीतून जातात. विचारलं पण नाही.

कंपनीचा माणूस म्हणेल "सरकारी काम आहे, अडवता येत नाही". विचारा, वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खालचा आदेश कंपनीच्या नावाने आहे का? असेल तर टेलिग्राफ कायद्याचे अधिकार त्यांना मिळतात आणि संमतीची गरज राहत नाही, फक्त मोबदला. नसेल तर २००६ च्या नियमांप्रमाणे जमीनमालकाची संमती, आणि तुम्ही हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. इतका मोठा फरक एका कागदावर आहे, म्हणून तो कागद बघितल्याशिवाय ना भांडा ना सही करा.

मोबदल्यासाठी केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असं आहे. राज्यात कोणता दर लागतो ते राज्याच्या शासन निर्णयावर, म्हणून कलेक्टर ऑफिसकडून तुमच्या लाइनीचा दरनिश्चितीचा आदेश मागा. पिकाचं नुकसान वेगळं, पंचनाम्याची प्रत घ्या.

१४. कंपनीने गावाला पैसे दिले म्हणतात. कुठं गेले?

कर असेल तर नमुना ९ मध्ये मागणी आणि वसुली दिसेल. देणगी असेल तर पावती आणि रोकडवहीत नोंद पाहिजे. यात्रेला, सप्ताहाला, क्रिकेटच्या बक्षिसाला दिलेले पैसे पंचायतीच्या वहीत येत नाहीत, ते कोणाच्या तरी हातात दिलेले असतात आणि त्याचा हिशोब कायद्याने नाही, गावाने मागायचा. सीएसआर (कंपनीने समाजासाठी करायचा खर्च) वेगळं: ते कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के, पण ते तुमच्याच गावात खर्चायचं असं बंधन नाही.

१५. सरपंचाच्या घरातला जेसीबी कंपनीच्या कामावर आहे. अपात्र होतो का?

नुसतं तेवढ्यावर नाही. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ पंचायतीच्या कामात किंवा पंचायतीबरोबरच्या करारात सदस्याचा हिस्सा असेल तर अपात्र ठरवतं. कंपनीचं खासगी काम त्यात बसत नाही. पण कंपनीच्या पैशातून पंचायतीने रस्ता केला आणि त्याचं बिल सरपंचाच्या भागीदारीला निघालं, तर प्रकरण बदलतं. निर्णय कलेक्टरकडे. आधी बिल आणि मोजमाप पुस्तिका काढा, मग तक्रार, उलटं करू नका.

१६. तीस दिवस झाले, उत्तर नाही. किंवा "फाइल सापडत नाही".

पहिलं अपील ३० दिवसात, २० रुपयांचा स्टॅम्प, निकाल ३० ते जास्तीत जास्त ४५ दिवसात. पंचायतीचं अपील बहुतेक पंचायत समितीतल्या अधिकाऱ्याकडे, नाव बोर्डावर पाहिजे. दुसरं अपील ९० दिवसात, आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं (धुळे, नंदुरबार, जळगाव) राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून.

खरं सांगायचं तर दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, तोपर्यंत टॉवर उभे राहून पाती फिरायला लागतात. म्हणून एकाच अर्जावर बसून राहू नका. तोच कागद दुसऱ्या ऑफिसातून मागा: पंचायत दाखला देत नाही तर ज्या ऑफिसला तो सादर झाला तिथून (प्रश्न ५). फाइल गहाळ म्हणत असतील तर शोध घेतल्याचं लेखी मागा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चं नाव अर्जात लिहा, नियम सोडून रेकॉर्ड नष्ट करणं त्यात गुन्हा आहे.

१७. अर्ज केला की संध्याकाळपर्यंत पूर्ण गावाला नाव कळतं. काय करायचं?

नाव आणि पत्ता द्यावा लागतो, टोपणनाव नको. पण अर्ज गावातल्याच माणसाने करावा असं काही नाही, भारताचा कोणताही नागरिक करू शकतो. धुळ्याला नोकरी करणारा भाचा, पुण्यातली ताई, कोणीही. नाहीतर दहा जणांनी एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज द्या, मग कोणा एकावर राग काढता येत नाही. पोस्टाने रजिस्टर पाठवलं तरी चालतं. धमकी आली तर ती लेखी तक्रार म्हणून पोलिसात द्या, गावकीत मिटवायला बसू नका.

१८. आधी ग्रामसभेने हो म्हटलं, आता नाही म्हणता येतं का?

नवीन ठराव करता येतो. पण जुन्या ठरावावर मिळालेल्या परवानग्या त्याने आपोआप पडत नाहीत. नवीन ठरावाची प्रत कलेक्टर, महाऊर्जा आणि महापारेषणला पाठवा, पोच घ्या, आणि ठरावात कारण स्पष्ट लिहा: कोणती माहिती आधी दिली नव्हती, कोणता कागद नंतर सापडला.

१९. जुनी छोटी पवनचक्की काढून त्याच जागी मोठी बसवतायत. जुनाच ठराव चालतो का?

हा प्रश्न साक्रीकडून हल्ली जास्त येतो. केंद्राचं रिपॉवरिंगचं धोरण डिसेंबर २०२३ चं आहे, २ मेगावॅटच्या खालच्या जुन्या मशिनी बदलायला ते प्रोत्साहन देतं. पण मशीन मोठी म्हणजे उंची वेगळी, पातं मोठं, म्हणजे प्रश्न १० मधलं अंतर परत मोजावं लागतं. जुना दाखला बहुतेक एका ठराविक गटाचा आणि ठराविक मशिनीचा असतो, त्यातले शब्द वाचा. आणि जमीन भाड्याची असेल तर तीन ओळी शोधा: मुदत कधी संपते, मशीन बदलायला मालकाची संमती लागते का, आणि शेवटी तो सिमेंटचा पाया काढायचा खर्च कोणावर. तिसरी ओळ करारात नसेल तर नवीन सही करायच्या आधी ती घालून घ्या.